तुझी पावडर, माझी पेज

नांदेड, ११ एप्रिल २०२५

करिश्मा,

सोमवारी तुझ्या व्यायामाच्या सेंटरवर औषध खात्याची माणसं आली, ती माझ्या तक्रारीवरून आली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. फोन तू ब्लॉक केलास, म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायचं तर वाचून फाड.

संक्रांतीपासून तू माझ्याशी, सख्ख्या बहिणीशी, बोलत नाहीस. लातूरच्या त्या व्याख्यानात मी म्हणाले होते, व्यायामाच्या नावाखाली बारीक व्हायची पावडर विकणाऱ्यांपासून सावध राहा. तुझं नाव घेतलं नव्हतं. सभागृहातल्या बायकांनी वळून तुझ्याकडे पाहिलं, त्याला मी काय करू? ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण ही तक्रार त्या भांडणापोटी नाही.

माझा अभ्यास तुला माहीत आहे, त्यासाठी बायका तूच गोळा करून दिल्यास. ज्वारी, जवस आणि मेथीच्या मिश्रणाची पेज सकाळी घेतली तर भुकेचं हार्मोन दुपारपर्यंत दबून राहतं का, एवढाच माझा प्रश्न. निम्म्या बायकांना मिश्रणाची पुडी, निम्म्यांना साध्या ज्वारीची. कुणाला कोणती, हे बायकांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. शेवटी उघडायचं. वीस वर्षं मी चरबी आणि हार्मोन यांच्यामागे आहे. हैदराबादला पीएच.डी. करताना दुसऱ्यांच्या प्रश्नांवर राबले. हा पहिला प्रश्न माझा स्वतःचा होता, आपल्याकडच्या बायकांचा, आपल्या धान्याचा.

तीन महिन्यांचं रक्त तपासलं तेव्हा काही जणींची वजनं इतकी उतरली होती की माझा सहायक अमरेश पेढे घेऊन आला. मीही एक खाल्ला. मग वाटलं, हे जरा जास्तच चांगलं आहे. पेजेनं एवढं होत नाही. मी त्याच रक्तातून थायरॉइड तपासलं.

तुला समजेल असं सांगते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाचा हुकूम मेंदूकडून जातो. त्याला टीएसएच म्हणतात. या बायकांत तो हुकूम जवळजवळ बंद पडलाय, आणि तरी थायरॉइडचं हार्मोन रक्तात ओसंडून वाहतंय. ग्रंथी स्वतःच बिघडून जास्त हार्मोन करत असती, तर तिच्यातून थायरोग्लोब्युलिन नावाचं आणखी एक द्रव्य रक्तात वाढलं असतं. ते उलट कमी आहे. म्हणजे ग्रंथी झोपली आहे आणि हार्मोन बाहेरून येतंय, तोंडावाटे. कुणीतरी या बायकांना थायरॉइडचं औषध खाऊ घालून राहिलं आहे. त्यानं वजन उतरतं. झोप उडते, हात कापतात आणि हृदय कोलमडतं, ते वेगळंच.

हसीनाला तू ओळखतेस. तुझ्या सेंटरवर येते, शिवणकाम करते. गेल्या आठवड्यात ती उंबऱ्यातच कोसळली. हृदयाचा ठोका पार अनियमित झालाय. लातूरला दवाखान्यात आहे.

या सगळ्या बायका तुझ्याकडच्या. तुझ्या काढ्याच्या पावडरचे डबे तुझ्याच काउंटरवर. तू माझ्या जागी असतीस तर कुणाकडे बोट दाखवलं असतंस?

पावडर बंद करा, असा निरोप मी सगळ्या बायकांना पाठवला आहे. पेज चालू ठेवा म्हणून सांगितलं आहे. त्या पावडरीत काय आहे आणि ती तू कुठून आणतेस, हे मला लिही. नुसतं विकणं आणि जाणूनबुजून विकणं यात फरक असतो. तो मला तुझ्या बाबतीत शोधायचा आहे.

सत्यशीला


नांदेड, २५ एप्रिल २०२५

करिश्मा,

तुझी पावडर स्वच्छ निघाली. सुंठ, ओवा, दालचिनी आणि तुझ्या डब्यावर लिहिलेल्या गोष्टी. बाकी काही नाही.

मी लगेच मानलं नाही, हेही सांगते. वाटलं, तुला आधी कुणीतरी खबर दिली असेल आणि तू डबे बदलले असशील. म्हणून मी फेब्रुवारीत माझ्या एका विद्यार्थिनीनं तुझ्याकडून नेलेला डबा मिळवला. तोही स्वच्छ. मग वाटलं, काउंटरवर एक माल आणि ओळखीच्या बायकांना आतून दुसरा. मी अजून या विचारातून पुरती बाहेर आले नव्हते, तेवढ्यात हसीनाच्या मुलीच्या, तूबाच्या फोनवरून तुझ्या आवाजातला निरोप आला.

तो निरोप मी परत परत ऐकला. तू नमस्कार नाही, काही नाही, सरळ बोललीस : "अक्का, हसीनानं माझी पावडर कधीच घेतली न्हाई. तिला सुंठीचा वास सहन होत न्हाई. आणि आणखी एक ऐक. दवाखान्यात तूबा तिला रोज सकाळी तुझी पेज करून आणती. डॉक्टरीणबाईनं बंद करू नका म्हणलंय म्हणून."



हसीना दवाखान्यात असून, औषधं चालू असून सुधारत का नाही, असं तिथले डॉक्टर मला फोनवर विचारत होते. मी त्यांना सांगत होते, पावडरचा अंमल उतरायला वेळ लागतो.

तरी पुडीत काही असेल असं मला आत्ताही पटत नाही. मिश्रण माझं आहे. प्रमाण मी ठरवलं. पहिला नमुना मी स्वतः तपासला. दळण आणि पुड्या बांधण्याचं काम मल्लिनाथ शेठच्या डाळ मिलमध्ये होतं. तो भला माणूस वाटतो. अभ्यास यशस्वी झाला तर हीच पेज बाजारात आणायची त्याची इच्छा आहे, आणि ती त्यानं कधी लपवली नाही. पुड्यांवर खुणा घालणं, वाटणं, हे अमरेश बघतो. अमरेशला मी पहिल्या वर्षापासून घडवलंय. उदगीरहून आला तेव्हा त्याला सूक्ष्मदर्शक नीट लावता येत नव्हता.

पुडी फोडून तपासली की अभ्यास संपला. कुणाला काय दिलं हे मला कळलं की चार वर्षांची मेहनत कचऱ्यात. जुलैत हैदराबादला परिषदेत मांडायचंय.

तूबाला परवाच फोन करून पेज थांबवली. बाकीच्यांचं उद्या ठरवते.

तुझी माफी मागावी असं तुला वाटत असेल. आधी कळू दे काय झालंय.

सत्यशीला


नांदेड, ३० एप्रिल २०२५

करिश्मा,

उद्या ठरवते म्हणाले होते, पण त्याच दिवशी दुपारची गाडी धरून लातूरला आले. तुझ्याकडे आले नाही. हसीनाच्या घरी गेले. तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पुड्या होत्या. एक घेतली. तिच्या कोपऱ्याला हळदीच्या बोटाचा डाग होता. तूबा म्हणाली, "मॅडम, पेज बंद केली तवापासून अम्मी जरा शांत झोपली. आधी लई घाबरं व्हायचं तिला. दिल पळून राहिलं म्हणायची." ती पोरगी माझ्यावर चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी सगळ्या बायकांना पेज थांबवा म्हणून कळवलं. तू वाचून म्हणशील, तेवढं तरी केलं.

पुडी घेऊन नांदेडला आले आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. अमरेशला सांगितलं, ही हैदराबादला मोठ्या यंत्रावर पाठवायची आहे.

त्याचा चेहरा मी पाहत होते. आजकाल मी सगळ्यांचे चेहरे पाहते. तो म्हणाला, "मॅडम, पुडी फोडली तर सगळंच संपलं. तुमच्या बहिणीचं ऐकून एवढा मोठा अभ्यास बुडवायचा?"

मी म्हणाले, "माझ्या बहिणीनं काही सांगितलं, हे तुला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "तुम्हीच बोलला होता ना मॅडम."

मी बोलले नव्हते. की बोलले होते? तू फोनवर काय म्हणालीस ते मी घरात ऐकलं. प्रयोगशाळेतही एकदा ऐकलं असेन. खात्री देता येत नाही, आणि मला ज्याची खात्री देता येत नाही ते मी कधी लिहीत नाही. इथे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी टेबलावरची पुडी तिथेच होती. तसंच वजन, तशीच शिवण, तोच क्रमांक. कोपरा मात्र पांढराशुभ्र. हळदीचा डाग नाही.

अमरेशनं माझ्यासमोर ती पाकिटात घातली, वर पत्ता लिहिला आणि विचारलं, "आजच पाठवू ना?" मी हो म्हणाले. पाठवू दे. त्यात काही निघणार नाही.

दुपारी तूबाचा फोन. मिलची गाडी गल्लीत आली होती. माझं नाव सांगून घरोघरच्या पुड्या परत नेल्या. "मॅडमनी बदलून द्यायला सांगितलंय," म्हणे. हसीनाच्या फळीवरच्याही गेल्या. मी मल्लिनाथ शेठला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, थोडा ओलसर माल निघाला असं अमरेशनी सांगितलं. तुमच्याच काळजीनं उचलला." इतकं पटकन उत्तर आलं की ते आधीच तयार असावं.

आता माझ्याकडे काही नाही. माझं रक्तातलं निदान आहे, पण पुडी नाही. उद्या ते म्हणतील की थायरॉइडच्या गोळ्या बायकांनी कुठून तरी घेतल्या, आणि पुन्हा सगळी बोटं तुझ्याकडे जातील. या वेळी मी सोडून बाकीच्यांची.

काही बायका व्यायाम झाल्यावर सेंटरवरच पेज करून घेत होत्या, असं तू एकदा सांगितलं होतंस. तिथे पुड्या उरल्या आहेत का? असतील तर कुणाला देऊ नकोस. माझं नाव सांगून कुणी आलं तरी नको. माझी चिठ्ठी दाखवली तरी नको. मी स्वतः येते.

सत्यशीला


नांदेड, ६ मे २०२५

करिश्मा,

तू मला पुड्या दिल्या नाहीस.

काल तुझ्या सेंटरमध्ये, त्या आरशांच्या खोलीत, तू कपाटाला पाठ लावून उभी राहिलीस. मी हात पुढे केला. तू म्हणालीस, "अक्का, माझ्याकडं माणसं कुणी पाठवली?" मी म्हणाले, मी. "मग तुझ्यावर कसा इस्वास ठेवू? तुझ्याच टेबलावरनं पुडी बदलली ना? तुझ्या हातात दिली की ती परत बदलंल." मी म्हणाले, आता मी सोडणार नाही, उशाशी घेऊन झोपेन. तू हसलीससुद्धा नाहीस. "ज्यांना तू माझ्यावर सोडलं, त्यांनाच मी बोलावलंय. त्यांच्यासमोर कपाट उघडीन."

राग आला. मी मोठी, मी शास्त्रज्ञ, पुड्या माझ्या अभ्यासाच्या. आणि तू बरोबर होतीस. मीही माझ्या हातात दिल्या नसत्या.

ते दोघे अधिकारी आले. गेल्या महिन्यात तुझे डबे उचलणारेच. त्यांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. तू किल्ली लावायला गेलीस आणि किल्ली कुलपात जाईना. तुझा हात कापत होता. अधिकाऱ्यांना वाटलं, घाबरलीस. तू म्हणालीस, ऊन लागलंय. शेवटी किल्ली त्यांच्यातल्या एकानं लावली.

मी तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडे नीट पाहिलं. मानेखालची हाडं वर आलेली. डोळे मोठे. पंखा चालू असून कानाजवळ घाम. संक्रांतीनंतर मी तुला लांबून एकदा बाजारात पाहिलं होतं तेव्हा मनात म्हणाले होते, स्वतःचीच पावडर खाऊन बारीक होऊन राहिली आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला.

पंचनामा झाला, सील लागलं, ते गेले. मी दार लावलं आणि विचारलं, "करिश्मा, तू काय घेतेस?"

"काही न्हाई."

"हात दे."

तू हात मागे घेतलास. मग भिंतीशी सतरंजीवर बसलीस आणि म्हणालीस ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. तू म्हणालीस, "माझी पावडर मी विकती, अक्का. खाती तुझी पेज. बायकांच्या उरलेल्या पुड्या. एवढी शिकलेली तू, वीस वर्षं त्याच्यातच. मला वाटलं, खरी गोष्ट असंल तर तुझ्याकडंच असंल."

माझ्याशी बोलणं बंद करून तू रोज सकाळी माझी पेज पीत होतीस.

मी खोलीत उभी होते आणि चारी आरशांत मीच दिसत होते. तू म्हणालीस, "जा आता. तुझी गाडी चुकंल." मी गेले. अहमदपूर गेलं तरी गाडीत शेजारची बाई विचारत होती, काय झालं म्हणून.

आता मी सांगते ते नीट कर. पेज बंद केलीच असशील. हसीनाचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे उद्याच जा. ठोका मोजतील, कार्डिओग्राम काढतील, हृदयाचा वेग उतरवायची गोळी देतील. ती घे. जिना चढू नकोस. सेंटर आठ-दहा दिवस बंद ठेव. रक्त माझ्या प्रयोगशाळेत देऊ नकोस. तिथे कोण कशाला हात लावतं ते मला माहीत नाही. दुसरीकडे दे, आणि रिपोर्ट मला दाखवायचा की नाही ते तू ठरव.

सत्यशीला


नांदेड, २९ जून २०२५

करिश्मा,

इतके दिवस लिहिलं नाही. बायकांना बघायला लातूरला येत होते, तू समोर होतीस, तेव्हा लिहायचं कशाला. पण माझ्या अभ्यासाची चौकशी करणाऱ्या समितीच्या खोलीत तू येण्याआधी काय झालं ते तुला कळलेलं नाही, आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तुला माहीत आहेच. मिश्रणाच्या पुड्यांत थायरॉइडचं औषध, साध्या ज्वारीच्या पुड्या स्वच्छ. मिलच्या गोदामाला सील लागलं. मल्लिनाथ शेठनं जबाब दिला की मिश्रणाचा नमुना डॉक्टरमॅडमनी पास केला, पुढचं त्यांच्या माणसाला माहीत. त्यांचा माणूस म्हणजे अमरेश. अमरेशला मिलच्या नव्या कंपनीत संशोधनप्रमुख व्हायचं होतं. तो म्हणतो, पुडीत काय आहे ते त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, शेठनी सांगितलं तसं केलं. पुडी का बदलली, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. प्रकरण आता पोलिसांकडे आहे. तो खरं बोलतो का, हे मी सांगू शकत नाही. एकदा तो दारात येऊन उभा राहिला होता. मी दार उघडलं नाही.

समितीत पाच जण होते. मधोमध बसलेल्या सरांनी विचारलं, "डॉक्टर, बायकांना बाहेरून औषध जातंय हे तुम्ही स्वतः ओळखलं. कौतुकाचं आहे. मग बाहेरून त्यांच्या पोटात जाणाऱ्या दोन गोष्टी होत्या, पावडर आणि पेज. तुम्ही एकच का तपासली?"

मी रात्रंदिवस याच प्रश्नाची तयारी केली होती. अभ्यासाचे नियम, आंधळी चाचणी, पुडी फोडता येत नाही, सगळं. तोंडून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले, "दुसरी माझी होती."

एका सरांनी ते लिहून घेतलं. मग समितीनं अभ्यास रद्द केल्याचं आणि पुढची तीन वर्षं मला माणसांवरचा कोणताही अभ्यास घेता येणार नसल्याचं सांगितलं. मी हरकत घेतली नाही. एक विनंती केली, की या बायकांची तपासणी मात्र माझ्या देखरेखीत पूर्ण बरं होईपर्यंत चालू राहावी. ते म्हणाले, बायका तयार आहेत का ते विचारावं लागेल. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, असं धरून चालता येणार नाही.

तेव्हा दाराबाहेर शिपायाचा आवाज आला, "ताई, आपण कोण?"

आणि तुझा, "साक्षीदार."

"कुणाच्या बाजूनं?"

"ते आत जाऊन ठरवती."

तू आत आलीस. तुझ्यामागे हसीना, तूबाचा दंड धरून, अजून अशक्त. आणि तिच्यामागे उमाबाई. त्याच उमाबाई ज्यांनी महिन्यापूर्वी मला अंगणातूनच परत पाठवलं होतं. "जल्मात पहिल्यांदा बारीक झाले, आन् आता म्हणता जहर हाय?" म्हणाल्या होत्या, आणि पुडी पदराखाली धरून ठेवली होती. समितीसमोर तीच पुडी तुझ्या हातात होती. ती तू त्यांच्याकडून कशी काढलीस, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. मी विचारणार आहे.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. सरांनी हसीनाला विचारलं, या डॉक्टरांकडून तपासून घ्याल का. हसीना म्हणाली, "घेऊ. पण आमची करिश्मा बाजूला बसंल. ती बघंल." मला अपमान वाटायला हवा होता. मला हायसं वाटलं. माझ्यावर नजर ठेवणारं कुणीतरी असायलाच हवं होतं, पहिल्या दिवसापासून.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तू बाकावर बसलीस आणि बाही वर केलीस. मी म्हणाले, इथे नको, दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ, तिथली मुलगी घेईल. तू म्हणालीस, "मी पैल्यापासून बघून राहिली, अक्का. आज तू आतमधे खोटं बोलशील म्हणून आले होते. माझ्यासमोर तरी न्हाई बोललीस. सुई तूच टोच."

मी पिशवीतली सुई काढली; पहिली टोच चुकली, दुसरीला शीर सापडली. तुला दुखलं असेल. तू दाखवलं नाहीस.

गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. मी तो इथे दोनदा तपासला. मग उरलेलं रक्त बाहेरच्या दोन प्रयोगशाळांत पाठवलं, नाव न सांगता. तिन्ही आकडे जुळले. मेंदूचा हुकूम परत जायला लागलाय, आणि गळ्यातली ग्रंथी जागी झाली आहे.

करिश्मा, यात शंकेला जागा नाही.

तुझी अक्का